बिनफोडणीचे वाटाणे

गेस्ट हाउसमधल्या पाहुण्यानं जेवणाची तारीफ सुरू केली की मी तिकडे लक्ष देत नसे. पाहुणा भिडेखातर काहीही बोलतो. खरं काय ते परत आलेलं ताट सांगतं. भाजी कडेला सारून ठेवली आहे का, पोळी तोडून नुसतीच पसरवून ठेवली आहे का, वाटी भाताखाली लपवली आहे का, हे सगळं मी मोरीजवळ उभी राहून बघायची. छत्तीसगडात भनपुरीच्या एका कारखान्याचं गेस्ट हाउस मी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं, आणि माझं निम्मं काम त्या मोरीजवळच झालं असं म्हटलं तरी चालेल.

लोकांना वाटतं, मेस चालवणं म्हणजे पोळ्या लाटून घेणं. अवो, पोळ्या कोणीही लाटून घेईल! घरापासून दूर आलेल्या माणसाला काय खावंसं वाटतंय हे त्यानं न सांगता ओळखायचं, हे आमचं काम. कारण तो सांगत नाही. पंजाबचे एक ऑडिटर यायचे, ते बिचारे आठवडाभर मुकाट्यानं आमची पातळ डाळ प्यायचे आणि जाताना गेटवरच्या टपरीत पराठे हाणायचे. तमिळनाडूचा एक इन्स्पेक्टर भातावर ताक मागायला लाजायचा. मी न मागता ताकाचा तांब्या त्याच्यापुढे ठेवायला लागले, तर पुढच्या वेळी त्यानं येताना माझ्यासाठी फिल्टर कॉफीची पूड आणली. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण माझी खरी परीक्षा घेतली ती केनसाहेबांनी.

आमच्या कारखान्यात सळया काढायची नवी मशीन बसवायची होती. ती बसवायला इंग्लंडहून तिघं आले. दोन जवान पोट्टे, आणि त्यांचा मुख्य फिटर केनसाहेब. उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे आणि बोटं आमच्या खलबत्त्याच्या दांड्याएवढी जाड. साहेब म्हणून आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, पण माणूस कामगार. सकाळी मशीनखाली शिरायचे ते संध्याकाळी काळे होऊन बाहेर यायचे.

आमचे जनरल मॅनेजर तिवारी साहेब मला म्हणाले, "मॅडम, अंग्रेज लोग हैं. कुछ अंग्रेजी खाना बनवाइए. वैसे उनका खाना होता ही क्या है, सब उबला हुआ." आणि हसले. मीही हसले. इंग्रजांचं जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दीडशे वर्षं राज्य केलं, मसाले जहाजं भरभरून नेले आणि घालायचे कशात ते कळलंच नाही, हा विनोद मी शाळेत असल्यापासून ऐकून राहिले.

मी होम सायन्स शिकलेली. जुन्या वहीतून व्हेज कटलेट, टोमॅटो सूप, पांढऱ्या सॉसमधल्या भाज्या असं सगळं काढलं. ताटं परत आली, तर केनसाहेबांच्या ताटात सगळं जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं, "साहेब, तुम्हाला काय आवडतं ते सांगा, मी करवून घेते." ते म्हणाले, "काहीही चालेल, मॅडम. तुम्ही त्रास घेऊ नका." आणि खोलीत जाऊन बिस्किटं आणि केळी खायचे. त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीत मला सालं दिसायची ना! जवान पोट्ट्यांचं ठीक होतं, ते फोनवरून पिझ्झा मागवायचे.

केनसाहेब वाळत चालले. त्यांच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं मी पाहिलं. तिवारी साहेबांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, की मशीन चालू होईल त्या दिवशी दिल्लीहून चेअरमन येणार आहेत, त्या दिवसाचं जेवण शहरातल्या एका बड्या हॉटेलचा केटरर करेल, आणि ते पाहुण्यांना पसंत पडलं तर पुढे गेस्ट हाउसचं किचनही त्यालाच द्यायचं. "आपकी औरतों को कहीं और लगा देंगे," असं म्हणाले. कुठे लावणार होते? माझ्या हाताखालच्या बाया दुसरं काही शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्यातली मोठी फुलबाई. आरंगकडच्या गावची, विधवा, या किचनच्या जिवावर दोन लेकींची लग्नं केलेली. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती भांडं घासत होती ते घासतच राहिली.

घरी चौबे कॉलोनीत आले तर आमचे हे म्हणाले, "काहून तोंड पाडून बसली?"

मी सांगितलं. तर म्हणतात, "मग विचार ना त्याले, माय काय खाऊ घालत होती म्हणून. आवडतं काय विचारशील तर कोणीबी लाजते."

आमच्या ह्यांच्या डोक्यातून सहसा कामाचं काही निघत नाही, पण ते निघालं तर असं निघतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. केनसाहेबांना बाजार बघायचा होता म्हणून मी त्यांना पंडरीच्या कापडबाजारात घेऊन गेले. कापडाच्या दुकानात ते प्रत्येक ठाणाची कड दोन बोटांत धरून चोळायचे आणि मान हलवायचे. दुकानदार वैतागला, घ्यायचं तर काही नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझी आई कापडाच्या गिरणीत होती. असं चोळायला तिनं शिकवलं." मग मी लगेच विचारलं, "आणि जेवायला काय करायची?"

बाप्पा, तो माणूस चक्क लाल झाला. म्हणाले, "आमच्या जेवणाला सगळं जग हसतं, मॅडम. आमच्याच देशातले मोठे लोक हसतात. माझ्याबरोबरची ही दोन पोरंसुद्धा हसतात. तुमच्याकडे एवढं मसाल्याचं अन्न, तिथे मी ते मागू कसं?"

मी म्हटलं, "मी हसणार नाही. सांगा." आणि तिथे ठाणांच्या ढिगाजवळ उभं राहून त्यांनी सांगितलं. वाळलेले हिरवे वाटाणे आदल्या दिवशी सोडा घालून भिजत टाकायचे, पार मऊ होऊन मोडेपर्यंत शिजवायचे, मीठ घालायचं. बटाट्याचे बोटाएवढे जाड तुकडे तळायचे. दोन्हीवर सिरका शिंपडायचा. आणि थंडीत मटणाचे तुकडे, कांदा आणि वर बटाट्याच्या चकत्या, असं मातीच्या भांड्यात रचून आई सकाळी मंद भट्टीत ठेवून गिरणीत जायची. संध्याकाळी सगळ्यांनी दमून घरी यायचं आणि झाकण उघडायचं. एवढंच.

मी त्या दुकानात उभी राहून विचार केला आणि माझं डोकं एकदम लख्ख झालं. आपण म्हणतो त्यांना मसाला कळत नाही. अहो, पण फोडणी द्यायला जेवायच्या वेळी कोणीतरी बाई चुलीपाशी उभी लागते ना! ज्या घरची बाई दिवसभर गिरणीत उभी आहे त्या घरात फोडणी देणार कोण? ते आजाऱ्याचं जेवण नव्हतं. ते कामावर गेलेल्या बाईचं जेवण होतं. मी स्वतः आयुष्यभर कामावर गेलेली बाई, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं.

वाटाणे आणले. भिजवले. फुलबाईनं शिजवले आणि झाकून ठेवले. केनसाहेब जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, आईची आठवण आली. मग ते खोकायला लागले. मी वाटी उचलून बघते तर मोहरी, जिरं, लसूण आणि लाल मिरची!

"फुलबाई! मी सांगितलं होतं ना, नुसतं मीठ!"

फुलबाईनं पदर खोचला आणि उभी राहिली. "दीदी, जियत मनखे ला बिना बघार के नइ परोसंव."

म्हणजे, जिवंत माणसाला बिनफोडणीचं वाढणार नाही. आपल्याकडे फोडणी कधी देत नाहीत? घरात कोणी गेलं की. सुतकात. हळद नाही, फोडणी नाही. तिचा नवरा गेला तेव्हा तिनं दहा दिवस तसं जेवण गिळलेलं. पाहुण्यापुढे तसली वाटी ठेवायची म्हणजे त्याचं मरण चिंतायचं, असं तिला वाटत होतं. माझ्या पांढऱ्या सॉसमध्येही ती रोज चोरून फोडणी घालत होती, हेही तेव्हाच बाहेर आलं. खरं सांगते, मला रागही आला आणि तिची बाजूही पटली. आमच्या घरीही आई बिनफोडणीची आमटी पानात वाढू देत नसे, वरून चमचाभर तेल कडवून का होईना ओतायचीच.

आम्ही दोघी भांडलो. चांगल्या कचाकचा भांडलो. ती म्हणाली, मी काम सोडते पण हे करणार नाही. मी म्हटलं, तसंही काम जाणारच आहे आपलं! थोड्या वेळानं तीच म्हणाली, "दीदी, बघार ह घर मा परना चाही. ओकर थारी मा परय के झन परय." म्हणजे, फोडणी घरात पडली पाहिजे. त्याच्या ताटात पडो न पडो.

असा तोडगा निघाला. दुसऱ्या दिवशी केनसाहेबांपुढे नुसते मिठाचे वाटाणे, जाड बटाटे आणि सिरक्याची बाटली ठेवली. त्याच वेळी किचनच्या दारात शेगडी मांडून फुलबाईनं लहान कढईत तेल कडवलं, मोहरी-जिरं टाकलं, चर्र झालं, आणि ती फोडणी आमच्या बायांच्या डाळीत ओतली. मग केनसाहेबांकडे बघून तिनं हातानं खूण केली, खा.

त्यांनी मला विचारलं, हा आवाज कसला? मी सांगितलं, "आमच्याकडे हा आवाज आला म्हणजे घरातली सगळी माणसं जिवंत आणि धड आहेत." त्यांनी फुलबाईकडे बघितलं आणि काटा उचलला. मग जेवले. आणि ताट परत आलं ते पुसल्यासारखं स्वच्छ! मी ते ताट मोरीवर नाचवत आतल्या बायांना दाखवलं.

त्या दिवसापासून केनसाहेब चर्र झाल्याशिवाय काट्याला हात लावत नसत. ताट पुढे आलं की हात मांडीवर ठेवून बसायचे. फुलबाई मुद्दाम उशीर करायची, तर भुवया वर करून दाराकडे बघायचे. मटणाचं ते भांडंही जमलं. आमच्याकडे मंद भट्टी कुठली, पण फुलबाई गावाकडे पानात गुंडाळून अंगाकर रोटी भाजायची, खाली निखारे आणि वर निखारे. तिनं मागच्या आवारातल्या चुलीवर हंडीच्या झाकणावर निखारे रचले आणि संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा बटाट्याच्या चकत्या कडेनं सोनेरी झालेल्या. केनसाहेबांनी वास घेतला आणि खुर्चीवर बसण्याऐवजी चुलीजवळच्या पायरीवरच बसले. पट्ट्याचं नवं भोक काही दिवसांत रिकामं पडलं.

पण ते मागच्या पायरीवर. वर हॉलमध्ये बड्या लोकांसमोर हे अन्न न्यायचं असा विचार मीही केला नव्हता. केनसाहेबांनी तर मला बजावून ठेवलं होतं, की त्यांच्या कंपनीच्या लोकांना यातलं काही सांगू नका.

मशीन चालू व्हायचा दिवस आला. केटररची माणसं सकाळपासून वर ताबा घेऊन बसली होती. पांढऱ्या टोप्या, चकचकीत झाकणांची भांडी. तिवारी साहेबांनी मला निरोप पाठवला, आज खालचा गॅस पेटवायचा नाही, वास वर येतो. मी फुलबाईला सांगितलं तर ती म्हणते, "गैस बंद हे दीदी, चूल्हा थोरे बंद हे." आणि गेली मागे. दुपारी केनसाहेब नेहमीसारखे पायरीवर येतील म्हणून तिनं वाटाणे आणि हंडी करून ठेवली होती.

मशीन झकास चालली. टाळ्या झाल्या, नारळ फुटला, सगळे वर जेवायला गेले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, तिथून सगळं दिसत होतं. चेअरमनच्या शेजारी केनसाहेब, इस्त्रीचा कोट घातलेले. वाढप्यानं त्यांचं ताट भरून पुढे ठेवलं. सांगितलं गेलं, की आजचे मुख्य पाहुणे ते, त्यांनी सुरुवात करायची.

केनसाहेबांनी हात मांडीवर ठेवले आणि बसले.

सगळे थांबले. तिवारी साहेब वाकून म्हणाले, "सर, प्लीज, शुरू कीजिए." केनसाहेब म्हणाले, "मी आवाजाची वाट बघतोय." तिवारी साहेबांना वाटलं, ही काही विलायती पद्धत असेल. त्यांनी फोन करून कारखान्याचा भोंगा वाजवला. इतका जोरात वाजला की बाहेरची कुत्री रडायला लागली. केनसाहेबांनी मान हलवली. हा नाही. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे हसत होते. मुद्दाम करून राहिला होता तो माणूस! तेव्हा मला कळलं.

तिवारी साहेब धापा टाकत माझ्यापाशी आले. "मॅडम, कौन सी आवाज? ये क्या माँग रहे हैं?"

मी म्हटलं, "साहेब, फोडणीचा. पण गॅस पेटवायला तुम्हीच मना केलं ना?" असा घास कोण सोडतो? ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मग मी वरूनच हाक मारली, "फुलबाईऽऽ!"

फुलबाई आली ती थेट हॉलमध्येच. एका हातात चुलीवरून उतरवलेली तापलेल्या तेलाची कढई, दुसऱ्यात मसाल्याचा डबा. कोटवाले बाजूला सरकले. तिनं दारात उभं राहून मोहरी टाकली, जिरं टाकलं, कढीपत्ता टाकला आणि वर दोन लाल मिरच्या. चर्रऽऽऽ! सगळा हॉल खोकला. तिच्या मागून मी खालून वाटाणे, जाड बटाटे आणि मटणाची हंडी घेऊन आले आणि हॉटेलचं ताट उचलून त्या जागी हे सगळं मांडलं. केनसाहेबांनी सिरका शिंपडला.

चेअरमननी विचारलं, "हे काय आहे?"

पंडरीत लाजेनं लाल झालेला तो माणूस उभा राहिला. कोटाचं बटण लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे माझ्या आईचं जेवण आहे. ती गिरणीत काम करायची. तुम्ही हसत असाल तर हसा. पण आधी खाऊन बघा."

कोणी हसलं नाही. चेअरमननी हंडीत चमचा घातला, मग स्वतःचं ताट पुढे केलं. त्या दोन जवान पोट्ट्यांनी वाटाण्यावर अशी झडप घातली, की विचारू नका. एक जण म्हणाला, "माझी आजी असेच करायची," आणि दुसऱ्यांदा घेतले. हंडी खरवडून संपली. केटररच्या पांढऱ्या टोप्या झाकणांमागे उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी मी मोरीजवळ गेले नाही, गरजच नव्हती.

किचन आमचंच राहिलं. पुढे कामगारांच्या कॅन्टीनमध्येही शुक्रवारी वाटाणे-बटाटे-सिरका सुरू झालं आणि लोक त्या दिवसाची वाट बघायला लागले. आमचे छत्तीसगडी कामगार वाटाण्यावर वरून फोडणी ओतून घेतात, तो त्यांचा प्रश्न. फुलबाई नोकरीतून माझ्यानंतर निवृत्त झाली, मानानं, हार घालून. एक खंत मात्र आहे. मी इतकी वर्षं ज्या लोकांना "काहीही चालेल" म्हणताना ऐकलं, त्यांतल्या किती जणांना त्यांच्या आईचं जेवण विचारायचं राहून गेलं.

मागच्या महिन्यात केनसाहेबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा फुलबाई माझ्याकडेच आली होती. ते आता घरी एकटेच असतात. फोन ओट्यावर टेकवून त्यांनी दाखवलं. पुढ्यात बशीत हिरवे वाटाणे, वाफ निघत असलेले, नुसत्या मिठाचे. शेजारी शेगडीवर लहानसं भांडं, त्यात नुसतं तेल. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी त्यात चिमूटभर मोहरी टाकली. तिकडे इंग्लंडात चर्र झालं आणि इकडे चौबे कॉलोनीत आम्हाला ते ऐकू आलं. भांडं त्यांनी बाजूला ठेवून दिलं, वाटाण्यात त्यातला थेंबही घातला नाही. काटा हातात धरला आणि फोनकडे बघत थांबले.

फुलबाईनं माझ्या हातातला फोन घेतला, दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "हव, खा ले साहेब."

मग ते जेवले.